काठावरून : मिशांचे मासे आणि पळतं पाणी

(नदी, मासेमारी आणि काठावरच्या जिवांविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देणारे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कालवा निरीक्षक असून गंगाखेडला राहतात.)

काका, माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडात नॉटिंगहॅमला असतो. रविवारी ट्रेंट नदीवर गळ टाकायला जातो आणि ‘बार्बल’ नावाच्या माशाचे फोटो पाठवतो. हातभर लांब, तांबूस सोनेरी, तोंडाला चार मिशा. हा मासा आपल्या गोदावरीत आहे का? सुट्टीत आल्यावर त्याला कुठं न्यावं?
– एक वाचक भगिनी, परभणी

ताई, तो मासा युरोपातल्या नद्यांचा, आपल्याकडं नाही. खुद्द इंग्लंडातही तो सगळीकडं नव्हता. ट्रेंट, थेम्स अशा पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांतच तो मूळचा. फार पूर्वी उत्तर समुद्राच्या जागी जमीन होती, तेव्हा त्या नद्यांचं पाणी युरोपच्या नद्यांना मिळत होतं, त्या वाटेनं तो आला. पश्चिमेकडच्या सेव्हर्न नदीत मात्र तो १९५६ साली माणसांनी नेऊन सोडला आणि तिथं असा रुजला की आता लोक तिथलाच समजतात.

पण त्याची भाऊबंदकी आपल्याकडं मोठी आहे. रोहू, कटला, मृगळ ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. सगळ्यांत जवळचा म्हणावा असा आपल्याकडचा मासा म्हणजे महसीर. जाड ओठ, रुपयाएवढे खवले, आणि मिशा त्यालाही चारच : दोन नाकाडाच्या टोकाशी, दोन तोंडाच्या कोपऱ्यांशी. दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून १८३९ साली केली. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांतला हा मासा. आमच्या गंगाखेडच्या पट्ट्यात मात्र तो आता म्हाताऱ्या भोयांच्या बोलण्यातच जास्त भेटतो.

आता जे भेटतात ते सांगतो. एक ‘ऑलिव्ह बार्ब’. चांदीसारखा अंगाचा, पाठीवर हिरवट झाक, चार बारीक मिशा, साधारण वीतभर, नशीब असेल तर त्याहून मोठा. काठावर याला गावागणिक वेगळं नाव आहे, म्हणून मुलाला नाव विचारायला लावू नका, फोटो दाखवायला सांगा. दुसरा कानशी. काळपट, दांडगा, त्यालाही चार मिशा, तळाशी चरणारा. गळाला लागला की खाली दगडांकडं दडी मारायला धावतो, दोरी कापून जातो. तुमच्या मुलाला ट्रेंटवर ज्या ओढीची सवय लागली आहे तशी ओढ हवी असेल तर त्यानं कानशीच्या मागं लागावं.

मिशा कशासाठी, हे कळलं की निम्मी मासेमारी कळली. त्या मिशांवर चव घेणारे ठिपके असतात. गढूळ पाण्यात, अंधारात, दगडांच्या फटींत मासा त्या फिरवत जातो आणि खाण्याजोगं काय ते आधीच चाखतो. इंग्लंडचा बार्बल तर नदीच्या तळाला चिकटून राहण्यासाठीच घडलेला आहे : पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला, पुढचे पर रुंद. धार अंगावर आली की ती त्याला वाहून नेत नाही, उलट तळाशी दाबते. असा मासा साचलेल्या पाण्यात मजेत राहील का, तुम्हीच सांगा.

म्हणून मुलाला कुठं न्यायचं याचं उत्तर : पाणी पळतं तिथं. आणि ते शोधणं हेच आपल्याकडं अवघड झालंय. पैठणपासून खाली गोदावरीवर बंधाऱ्यांची रांग आहे. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस, मग नांदेडचं विष्णुपुरी, आणि शेवटी तेलंगणाच्या तोंडाशी बाभळी. मी सगळेच सांगितले नाहीत. दरवाजे बंद असले की एका बंधाऱ्याचा फुगवटा वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्याकडं सरकत जातो. पाण्यावाचून तडफडलेल्या मुलखाला हे बंधारे हवेतच, त्यांच्यावरच माझी सगळी नोकरी झाली, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण नदीची झाली तळ्यांची माळ, हे खरंच आहे. दोन तळ्यांच्या मधे जिथं उघडा दगड आणि खळाळ शिल्लक राहिला असेल, जिथं जुनी माणसं ‘उतार’ म्हणत आणि बैलगाड्या पार करत, तिथं त्याला न्या.

मी वसमतजवळ पूर्णा नदीवर गेली काही वर्षं गळ टाकतो. गांडूळ लावलं तरी चिलापी, कणीक लावली तरी चिलापी. शहरातून भारी रॉड आणला, रील आणलं. चिलापीच. माझं काय चुकतंय?
– एक दुकानदार, वसमत

भाऊ, रॉडचं काही चुकलेलं नाही. तुम्ही बसता कुठं, ते पत्रात लिहिलेलं नाही, पण मी पैज लावतो की तुम्ही मोटारसायकल उभी राहते तिथं बसता. बंधाऱ्याच्या भिंतीवर किंवा पुलाखालच्या संथ पाण्यावर. तिलापी ऊर्फ चिलापी ही आफ्रिकेतून आणलेली जात, साचलेल्या कोमट पाण्यात तिचंच राज्य. मादी अंडी आणि पिलं तोंडात सांभाळते, त्यामुळं दुसऱ्या माशांची अंडी खलास झाली तरी हिची पिलं वाचतात. माझ्या ओळखीचा एक भोई एका वाक्यात सांगतो : “सायेब, पानी पळत आसंल तर मासा हाय. पानी निजलं की निस्ती चिलापी.”

तेव्हा पहिला दिवस गळ घरी ठेवून जा. येलदरी आणि सिद्धेश्वरच्या खाली पूर्णेचं पाणी पाळीप्रमाणं कमीजास्त होतं, ते समजून घ्या. उतारावर घोट्याएवढ्या पाण्यात उतरा आणि मुठीएवढा दगड उलटा करून बघा. खालच्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे, सरपटणारे किडे दिसले, वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारक्या नळ्या दिसल्या, तर समजा की भांडार भरलेलं आहे. दगड बुळबुळीत काळा आणि वास मारणारा निघाला तर ती जागा सोडा, कितीही सुंदर दिसत असली तरी. दगड परत होता तसा ठेवा, तेवढी रीत पाळा.

आता जागा. खळाळात मासा उभा राहत नाही, तिथं फक्त चरायला येतो. खळाळ संपून पाणी खोल व्हायला लागतं, वेगवान आणि संथ पाण्याच्या मधे एक शिवण पडते, फेसाची रेघ तिच्यावरून जाते. त्या रेघेच्या आतल्या अंगाला, तळाशी, तो बसलेला असतो. गळ वरून खळाळात टाका आणि धारेनं त्याला तिथं नेऊ द्या.

सामान साधं ठेवा. आठ ते दहा नंबरचा गळ, मध्यम नायलॉन, दोरीवर सरकणारं शिसं आणि त्याला अडवायला गळापासून हातभर वर भवरी, म्हणजे गरगर फिरणारी बारकी कडी. सरकतं शिसं अशासाठी की मासा आमिष उचलून निघाला तर त्याला वजन जाणवू नये. एवढंच त्यातलं शास्त्र. संथ कडेला बोया लावायचा असेल तर ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा लावा. लहानपणी ज्याचे चष्मे आणि बैलगाड्या केल्या तेच भेंड. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या बोयापेक्षा ते हलकं असतं, बारीक चावाही दाखवतं. आणि धारेत बोयाकडं बघूच नका, दोरी बोटात धरा. मिशीवाला मासा आधी चाखतो, तेव्हा दोरीला नुसती थरथर येते. लगेच झटका दिलात तर गेला. थरथर थांबून दोरी ठामपणे चालायला लागली की मगच उचला.

आमिषाचं म्हणाल तर इंग्रज लोक भांगेचं बी उकडून टाकतात, डब्यातलं मांस गळाला लावतात. आपण कशाला त्या भानगडीत पडायचं. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या घुगऱ्या घ्या, मऊ पण अख्ख्या. मक्याचे उकडलेले दाणे चालतात. कणीक लावायची तर तिच्यात शेंगदाण्याची पेंड कुटून घाला आणि चिमूटभर हिंग. जागेवर चारा म्हणून शिळ्या भाकरीचा कुस्करा, पेंड आणि काठची माती यांचे लाडू करून धारेच्या वर टाका, फुटत फुटत खाली जातील. एकदम पाटीभर ओतू नका, पोट भरलेला मासा तुमच्या गळाकडं का बघेल? काठावर उंबर असेल आणि फळं पाण्यात पडत असतील तर मात्र सगळं सोडून पिकलं उंबर गळाला लावा. महसीर असो की बार्ब, उंबराखाली ताटकळत थांबणं त्यांच्या रक्तात आहे.

वेळ : दिवस मावळायच्या आधीचा तास आणि नंतरचा अर्धा. महिने : पावसाचा गढूळपणा ओसरला की, म्हणजे ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत.

आणि एक गोष्ट खात्यातला माणूस म्हणून सांगतो. धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या खाली बसलात तर भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका. आभाळ निरभ्र असलं, पाऊस दूर नाशिककडं पडत असला तरी पैठणहून पाणी सुटतं. नदीच्या मधल्या खडकावर बसून गळ टाकणं पावसाळ्यात वर्ज्यच. पाणी काठाकडून वेढा घालत येतं, समोरून नव्हे.

सर, मी नांदेडला कॉलेजात आहे. पप्पा रविवारी विष्णुपुरीच्या पुढं गळ टाकायला जातात, मला सोबत नेतात. ते तासन्‌तास गप्प बसतात आणि मला बोअर होतं. मासे सोडून काय बघायचं ते सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

पोरी, तुझे पप्पा गप्प बसतात म्हणूनच तर तुला सगळं दिसणार आहे. गळ टाकणाऱ्याच्या शेजारी बसण्यासारखी दुसरी जागा नाही. अर्धा तास हललं नाही की काठ आपल्याला विसरतो.

आधी खंड्यांचे तीन प्रकार वेगळे करायला शीक. तारेवर बसणारा, छाती पांढरी, चोच लाल, पाठ झळझळीत निळी, तो नेहमीचा खंड्या. नाव मासेखाऊ म्हणून असलं तरी तो टोळ, सरडे, खेकडे काहीही खातो आणि पाण्यापासून लांब शेतातही दिसतो. दुसरा चिमणीहून थोडा मोठा, निळा आणि पोटाशी तांबूस. तो पाण्यालगत सरळ रेषेत बाणासारखा जातो, आधी त्याचा तीक्ष्ण आवाज येतो आणि मग तो. तिसरा माझा लाडका, काळा-पांढरा कवड्या. हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, डोकं स्थिर, आणि मग दगड टाकल्यासारखा पडतो. चुकला तर वर येऊन परत थांबतो. त्याला एकदा बघायला लागलीस तर पप्पांच्या बोयाकडं तुझं लक्ष जाणार नाही.

मोठी पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, शेपटी दुभंगलेली आणि उडणं एकदम डौलदार, तो नदीसुरय. दगडांवर उभा राहून शेपूट सारखी खालीवर करणारा लहानगा तुतवार, हा थंडीपुरता पाहुणा. काळा-पांढरा आणि डोळ्यावर पांढरी भुवई असलेला धोबी आपल्याकडचाच, बारमाही. करडे आणि पिवळे धोबी थंडीत येतात. चक्रवाकाची जोडी नारिंगी असते, ‘आंग आंग’ असा नाकातला आवाज काढते, तीही हिमालयापलीकडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. पुलाखाली मान वर करून बघ, भिंगऱ्यांची मातीची घरटी कमानीला चिकटलेली असतील. त्यासाठी त्यांना काठचा ओला चिखल लागतो, तो चोचीत नेताना त्या खाली उतरतात तेव्हाच त्या नीट दिसतात. एरवी त्या बहुतेक वेळ हवेतच असतात.

सगळ्यांत जास्त पक्षी बघायचे असतील तर पप्पांना थंडीत एकदा पैठणला न्यायला सांग. जायकवाडीचं काम १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते सुरू झालं आणि १९७६ साली धरण पुरं झालं. त्या अथांग, उथळ पाण्याभोवती इतके पक्षी उतरायला लागले की १९८६ साली तिथं अभयारण्य जाहीर झालं. रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब, चित्रबलाक (रंगीत करकोचा), हजारोंनी बदकं. पट्टकदंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, हिमालय ओलांडून येणारा. पण तिथं गळ घेऊन जायचं नाही. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय मासेमारी चालत नाही.

आता एक गुपित, हे पप्पांना सांग. पाणकावळे घोळक्यानं एकाच जागी बुड्या मारत असतील तर तिथं बारक्या माशांचा थवा आहे, पण तो वरच्या पाण्यातला. मिशांचे मासे हवे असतील तर पाणकावळे सोड, धोबी आणि तुतवार शोध. ते उतारावरच्या दगडांतले किडे वेचतात. तेच किडे बार्ब आणि कानशीचं खाणं. ज्या खळाळावर दोन धोबी भांडताना दिसतील त्याच्या खालच्या डोहात गळ टाकायला लाव. पप्पा आधी हसतील, हसू दे.

बूट न घालता काठावर बसतो, पाण्यातले साप फार दिसतात. चावले तर?
– एक शेतकरी, पालम

पाण्यात बहुतेक वेळा दिवड असते. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा. बिनविषारी, पण रागीट, डिवचली तर कडकडून चावते. जखम धुवा. खरी भीती काठच्या वाळक्या गवतातल्या आणि कपारीतल्या घोणसाची आहे, पाण्यातल्या सापाची नाही. बूट घाला. अंधार पडला की बॅटरी घ्या. साप कोणता ते ओळखू आलं नाही तर दोरी बांधणं, जखम कापणं असले प्रकार न करता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा हे शहरी खूळ वाटतं. सोडायचा तर धरायचा कशाला? आम्ही खाण्यासाठी धरतो.
– एक निवृत्त शिक्षक, अंबड

गुरुजी, मीही खातो. घरी मासा आला की आमच्याकडं दुसरी भाजी होत नाही. तेव्हा मी तुम्हाला उपदेश करणार नाही, माझं मत सांगतो.

इंग्लंडात बार्बल सोडतात त्यात नुसतं पुण्य नाही. एक तर तो काटेरी, दुसरं म्हणजे त्याची गाभोळी विषारी, खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. चवीला मोठा मान नाही, पण धरताना मजा देतो, म्हणून एकच मासा पुन्हापुन्हा धरायला मिळावा असा तो हिशेब आहे. त्यासाठी त्यांनी नियम केले आहेत. तिथं तेरा वर्षं आणि त्यावरच्या माणसाला गळ टाकायचा परवाना काढावा लागतो. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद, कारण मासा तेव्हा खडीवर अंडी घालतो.

आपला मासा अंडी घालतो पावसाळ्यात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, नाल्याओढ्यांना पाणी आलं की पोटात अंडी घेऊन तो धारेच्या उलटा वर चढतो. आणि नेमकं तेव्हाच आपली माणसं काठ्या, पोती, मच्छरदाण्या, विळे घेऊन ओढ्यात उतरतात. चढणीचे मासे! पोरं काय, शहाणी माणसं काय, सगळ्यांना उत्सव. एका गाभण माशाच्या पोटात हजारोंनी अंडी असतात. वर्षभर गळ टाकून तुम्ही-आम्ही जेवढं नुकसान करू शकत नाही तेवढं त्या एका संध्याकाळी होतं. माझं म्हणणं एवढंच : जून ते ऑगस्ट गळ, जाळं, काठी सगळं माळ्यावर. एरवी खायला लागतील तेवढे घ्या, त्यात मोठी पोटाची मादी आली तर ती सोडा.

सोडायचाच असेल तर नीट सोडा. हात आधी ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. दगडावर आपटू देऊ नका. मासा दमलेला असतो, त्याला फेकू नका. दोन्ही हातांत तोंड धारेकडं करून पाण्यात धरा, कल्ले चालू द्या, शेपटीनं तो स्वतः निघून जाईल. बार्बल इतका जीव तोडून झुंजतो की असं धरलं नाही तर तिथंच उलटा होतो. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पाणी इतकं तापतं की त्यात प्राणवायू उरत नाही. त्या दिवसांत ‘धरून सोडला’ असं म्हणणारा माणूस फोटो काढतो आणि मासा तासाभरात पुढं जाऊन मरतो. उन्हाळ्यात डोहावर गळच टाकू नये. सगळ्या पट्ट्यातले मासे जीव वाचवायला तिथंच गोळा झालेले असतात.

आमच्या गावाजवळच्या बंधाऱ्यात गावानं वर्गणी काढून महसीरचं बीज सोडायचं ठरवलं आहे. काय काळजी घ्यावी?
– एक माजी सरपंच, माजलगाव तालुका

सोडू नका. महसीरचं बीज मिळतं, लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून ते तयार होतं, आणि दख्खनच्या महसीरला त्यानं हात दिला हे खरं. पण तिथलंच बीज दक्षिणेत कावेरीत सोडलं गेलं आणि तिथल्या मूळच्या नारिंगी परांच्या, पाठीवर कुबड असलेल्या महसीरची जागा या पाहुण्यांनी घेतली. तो मूळचा मासा आज नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे.

तुम्ही म्हणाल, आपला तर गोदावरीचाच मासा, मग काय बिघडलं? बंधाऱ्यातलं पाणी बिघडलं. साचलेल्या पाण्यात महसीर वाढेल कदाचित, पण वीण करणार नाही. त्याला खडी लागते, धार लागते आणि वर चढायला वाट लागते. तेच पैसे वर येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी पडलेला कचरा काढायला आणि पावसाळ्यात दोन माणसं राखणीला ठेवायला वापरा. मासा स्वतः येईल, महसीर नसला तरी कानशी येईल. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून गावानं महसीर राखले आहेत, कुणी त्यांना हात लावत नाही. तिथं कुणी बीज विकत आणलं नव्हतं.

वाट मोकळी ठेवणं अशक्य नसतं, याचं उदाहरण आपल्याकडंच आहे. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा निकाल आहे. तो दिला दोन राज्यांच्या पाण्याच्या भांडणावर. माशाचा त्यात विचार असेल असं मला वाटत नाही, पण विणीचे महिने आपोआप त्यात आले. वरच्या बंधाऱ्यांवरही पहिला पूर मोकळा जाऊ दिला तर कुणाचं काय बिघडेल? शेवटी भरायचे ते परतीच्या पावसावरच. नोकरीत असताना मी हे बोलून दाखवलं होतं. वरिष्ठांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

काही पोरं रात्री बॅटरीचा करंट देऊन मासे मारतात. कुणाकडं जायचं? आणि गळ टाकायलाही परवानगी लागते का?
– एक वाचक, गेवराई

नदीत स्फोटक किंवा विष टाकून मासे मारणं १८९७च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून. करंट देणारे तर माशाबरोबर बेडूक, कासव, किडे सगळं संपवतात, आणि पाण्यात उभं राहून स्वतःही मरतात. पोलिसांत लेखी द्या, प्रत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला द्या. कासव सापडलं तर ते वन्यजीव कायद्यात येतं, तिथं वन खातं लवकर हलतं, हा अनुभव आहे.

गळाचं म्हणाल तर धरणं-तलावांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेली असते. त्यांनी बीज पैसे देऊन सोडलेलं असतं. त्यांच्या माणसाला विचारा. एका गळाला सहसा कुणी नाही म्हणत नाही, न विचारता बसलात तर मात्र भांडण ठरलेलं.

शहागडकडच्या वाळूत मार्चमध्ये उघड्यावर अंडी दिसली. टिटवीची असावीत. उचलून सावलीत ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, शहागड

अजिबात नाही. टिटवी असो, नदीसुरय असो की पाणभिंगरी (पुलाखालच्या भिंगरीहून वेगळा पक्षी), यांचं घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी खडीच्या रंगाची. आईबाप भर उन्हात त्यांच्यावर उभे राहून सावली करतात, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवतात. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ते उडतात आणि अंडी काही मिनिटांत उकडून निघतात. तुम्ही दूर होणं हीच मदत. मार्च ते मे वाळूच्या बेटांवर गळ टाकायला बसू नका, कुत्रं नेऊ नका. वाळूचे ट्रॅक्टर रात्री त्या बेटांवरूनच फिरतात, त्यावर तलाठ्याला कळवा. काही होईल न होईल, नोंद तरी राहते.

आणि तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका. तुतवाराच्या पायाला ती गुंडाळली की पाय सडतो. खिशात घालून घरी न्या, बारीक तुकडे करून मगच फेका.

बार्ब मिळतात, पण काटे फार. मुलं खात नाहीत. काही युक्ती?
– एक गृहिणी, सोनपेठ

काटे मांसातच रुतलेले आणि दोन टोकांचे असतात, ते काढून संपत नाहीत. काढू नका, कापा. मासा साफ करून दोन्ही अंगांवर धारदार सुरीनं अगदी जवळजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरानं, मणक्यापर्यंत चिरा द्या. सुरी काट्यांतून जाताना करकर आवाज येतो, तो यायला हवा. मग मीठ, हळद, लिंबू लावून अर्धा तास ठेवा, वर ज्वारीचं पीठ भुरभुरा आणि तेल चांगलं तापवून कडक तळा. बारीक तुकडे झालेले काटे तळून कुरकुरीत होतात, टोचत नाहीत. रस्सा करायचा तर असेच तळलेले तुकडे काळ्या मसाल्याच्या आणि शेंगदाण्याच्या कुटाच्या रश्श्यात शेवटी सोडा, उकळू नका, नाहीतर काटे परत मऊ होतात. अगदी लहान मुलांना मात्र तरीही मरळच द्या. तिच्यात काटे कमी.